पंचवीसचा आकडा आणि सहा फुटी कटर

शेतीच्या अवजारांच्या त्या दुकानात काउंटरवर जो बसायचा, त्याला सगळे कपातराव म्हणत. खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं आणि तिथेच राहिलं होतं. गिऱ्हाईक जेवढं मागेल त्यापेक्षा दोन-तीन फूट कमी द्यायचं, अशी त्याची ख्याती. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे, खाली आडवं पातं गरगर फिरवून गवत आणि काटेरी झुडपं सपाट करणारे ते लोखंडी रोटरी कटर दुकानाच्या अंगणात चार फुटांपासून सात फुटांपर्यंत ओळीने मांडलेले असत. माणूस आत शिरला की सरळ सातकडे जायचा. कपातराव त्याला हाताला धरून चारकडे आणायचा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सगळ्यांना पाठ असतं. ट्रॅक्टर पाहून कटर घ्यावा, एवढं सांगितलं की मात्र नाकाला मिरच्या झोंबतात. कारण दुकानात ट्रॅक्टरची ताकद सांगणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःचीच सांगत असतो. कपातराव शांतपणे समजावायचा, की बॉनेटवरचा अश्वशक्तीचा आकडा इंजिनाचा. ती ताकद मागचं अवजार फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टपर्यंत पोचेस्तोवर गिअर, पंप, जो जो वाटेत बसलाय तो आपला घास काढून घेतो. एखाद्या योजनेचा निधी गावात पोचावा तशी ती पोचते. शाफ्टवर जे काही उरतं त्याला पाचाने भागा, येतील तेवढे फूट. यात गंमत एवढीच होती की नऊ वर्षांत त्याच्या हातून गेलेला एकही कटर तक्रार घेऊन परत आला नव्हता. मालक त्याच्यावर चिडायचा आणि त्याला सोडायचाही नाही.

असा हा सडेतोड माणूस एका माणसापुढे मात्र मूग गिळून बसायचा. ते म्हणजे त्याचे सासरे.

सासरे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासले होते. ते बाजारात शिरले की भाजीवाल्यांची मापं आपोआप खरी व्हायची म्हणे. एवढ्या वर्षांत शंका घेण्याची सवय अंगात इतकी मुरली, की घरातही त्यांनी शंकेपलीकडे फक्त एक वस्तू मानली होती, आणि ती म्हणजे ते स्वतः. त्यांच्या मनगटावर निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं घड्याळ असे. ते दहा मिनिटं मागे होतं. हे त्यांना सांगायचं कोणी, म्हणून सासूबाईंनी भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे केलं. मग स्वयंपाकघरातलं. मग धाकटीने, म्हणजे पुढे कपातरावची बायको झाली तिने, आपल्या खोलीतलं. बघता बघता ते अख्खं घर जगाच्या दहा मिनिटं मागे राहू लागलं आणि सुखाने नांदू लागलं. मोबाइलमधली वेळ वेगळी दिसली तर सासरे म्हणायचे, "त्याला तपासलंय कोणी? शिक्का आहे का त्याच्यावर?"

कपातरावला त्यांनी जावई म्हणून पत्करलं होतं, पण पडताळणी बाकी असल्यासारखं. "दुकानात असतात," एवढंच ते लोकांना सांगत. सहा वर्षांत ते त्याच्याशी नेहमी आदराने, अहो-जाहो करत, आणि अगदी कमी बोलले होते. त्याला कधी काही विचारलं तर नव्हतंच. आणि कपातरावला ते मनातून फार लागलेलं होतं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सासऱ्यांनी गावाबाहेर उताराची तीन एकर जमीन घेतली, घड्याळांसकट तिथल्या दोन खोल्यांच्या घरात राहायला गेले, जमिनीवरची झुडपं पाहून एक छोटा ट्रॅक्टर घेतला, आणि एका मंगळवारी सकाळी ते थेट दुकानात येऊन काउंटरसमोर उभे राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमचा सल्ला हवाय."

कपातराव उभा राहिला. त्याने खुर्ची पुढे केली. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य असं अवजारांच्या दुकानात, ग्रीसच्या डब्यांच्या साक्षीने कानावर पडेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"ट्रॅक्टर कोणता, बाबा?"

"पंचवीसचा."

"शाफ्टवर किती?"

"पंचवीस म्हटलं ना. बॉनेटवर लिहिलंय, हे एवढं मोठं." त्यांनी दोन्ही हातांनी आकड्याची उंची दाखवली. "शेजारच्या डॉक्टरांनी पाच फुटी कटर घेतलाय. मी म्हणतो, सहा फुटी घ्यावा. तीन एकर आहे, फेऱ्या कमी होतील. तुमचं काय मत?"

कपातरावला तो ट्रॅक्टर तोंडपाठ होता. बॉनेटवर पंचवीस, शाफ्टवर वीस. विसाला पाचाने भागलं की चार. चार फुटी त्याच्या मागच्या चाकांच्या रुंदीलाही बरोबर बसतो. सहा फुटीला तीस लागतात, आणि सहा फुटीचं धूड मागे टांगलं की उतारावर पुढची चाकं जमिनीला टेकतील तर शपथ. दुसरा कोणी असता तर एव्हाना चार फुटीपाशी उभा असता.

"तुमचं मत विचारतोय," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा प्रसन्न होता. त्याने तो तसा फक्त लग्नाच्या फोटोत पाहिला होता, तोही थोरल्या मुलीच्या.

"सहा फुटी चांगला आहे, बाबा," कपातराव म्हणाला.

वाक्य खोटं नव्हतं. सहा फुटी कटर खरोखरच चांगला होता. तो कुणासाठी चांगला, एवढंच सांगायचं राहिलं. सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमचे जावई. यातले जाणकार आहेत." मालकाने पावती फाडता फाडता हळूच विचारलं, "काय कपातराव, आज कपात नाही?" कपातराव ग्रीसचे डबे सरळ करायला लागला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तू बोलला नाहीस."

"त्यांनी खांद्यावर हात ठेवला गं."

"बोलायच्या आधी की नंतर?"

"नंतर."

तिने कणीक मळायला घेतली. मग म्हणाली, "जाऊ दे. आमच्याकडे सगळ्यांचं असंच होतं. मी कॉलेजच्या शेवटच्या पेपरला दहा मिनिटं उशिरा पोचले होते, पण त्यांना बोलले नाही."

आठ दिवसांनी सासरे पुन्हा दुकानात आले. त्यांच्या हातात कटरचा तुटलेला शिअर बोल्ट होता. कटरच्या शाफ्टवर हा एक बोल्ट मुद्दाम मऊ लोखंडाचा बसवलेला असतो. पातं दगडावर किंवा खुंटावर आदळलं, की आधी हा तुटतो, म्हणून बाकीची यंत्रणा वाचते. दहा मिनिटांत बदलता येतो. बिचाऱ्याचं कामच ते, सगळ्यांच्या वाटचं आपण तुटायचं. कपातरावने त्यांना अर्धा डझन दिले. त्या आठवड्यात ते संपले. त्याने डझन दिले. तेही संपले. मालक खूश होता, इतके बोल्ट त्याने पाच वर्षांत विकले नव्हते. चढाला लागलं की इंजिन घुसमटून बंद पडतं, असंही सासरे म्हणाले, पण ते त्यांनी डिझेलवर ढकललं. डिझेलमध्ये भेसळ असणार, आपण खात्याला पत्र लिहिलंय, असं त्यांनी सांगितलं.

तिसऱ्या खेपेला ते चिडलेले होते.

"हे बोल्ट कमअस्सल आहेत, जावईबापू. दात कोरायच्या काडीसारखे मोडतात. मला न तुटणारा द्या."

कपातरावच्या पाठीमागच्या खणात कडक पोलादाचे बोल्ट होते. तसला एक तिथे बसवला की तो खरंच तुटत नाही. मग तुटायचं ते दुसरं तुटतं. गिअरबॉक्स फुटते, नाहीतर बसणाऱ्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर गरगरणारा तो शाफ्ट मधोमध निखळतो आणि साखळीला बांधलेल्या बैलासारखा चौफेर झोडपत सुटतो. हे सगळं त्याने गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलं होतं. आता फक्त एक शब्द उच्चारायचा होता. नाही.

"संपलेत, बाबा," तो म्हणाला.

"मग मागवा."

"हो."

आणि तो खणाला पाठ लावून उभा राहिला. संकट टळलं अशी त्याने स्वतःची समजूत घातली. अशा समजुतींवरच त्यांचं अख्खं घर दहा मिनिटं मागे चाललं होतं, त्यात आणखी एकाची भर.

रविवारी सकाळी नवराबायको चहा पीत असताना फोन आला. सासरे खुशीत होते. "तुमच्या दुकानासमोरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळाला बोल्ट. एकदम कडक. काल संध्याकाळीच बसवला. बरोबर साडेनऊला वरचा तुकडा काढायला घेतो. तुम्ही दोघं जेवायला या, झालेलं काम बघा."

कपातरावने घड्याळ पाहिलं. नऊला पाच कमी. शेत चाळीस मिनिटांवर होतं. त्याने उलटा फोन लावला, पण सासरे शेतात फोन नेत नसत. फोन घरात वाजत राहिला. वरच्या तुकड्यात एका जुन्या झाडाचा खुंट गवतात दडलेला आहे, हे त्याला ठाऊक होतं. सासूबाई मागे त्यालाच ठेचकाळल्या होत्या.

"आपल्याला पोचायला नऊ पस्तीस होतील," तो स्कूटर काढत म्हणाला.

"त्यांचे साडेनऊ वाजायला नऊ चाळीस होतात," बायको मागे बसत म्हणाली. त्या घड्याळाचा आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होत होता.

ते पोचले तेव्हा सासरे ट्रॅक्टरवर बसलेले होते. डोक्याला टोपी, डोळे मनगटावर. त्यांच्या साडेनऊला तीन मिनिटं कमी होती आणि ते वेळेआधी कधीच काही सुरू करत नसत. सासूबाई बांधाजवळ उभ्या होत्या. ट्रॅक्टरच्या मागे ते सहा फुटी धूड दोन्ही बाजूंनी चाकांबाहेर आलेलं, लहान मुलाने बापाचा कोट घालावा तसं. आणि पुढे बंपरला साखळीने बांधलेली ओळीने आठ लोखंडी वजनं लोंबत होती.

कपातराव धावत गेला आणि त्याने ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली. आपण काय केलं हे त्याला किल्ली हातात आल्यावर कळलं.

"नाही, बाबा," तो म्हणाला.

सगळे थबकले. बांधावर सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. त्या घरात हा शब्द इतक्या मोठ्याने कोणी उच्चारलेला नव्हता.

"काय नाही?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"हा बोल्ट चालणार नाही. हा कटरच चालणार नाही. तुमच्या ट्रॅक्टरला चार फुटी लागतो."

"चार? डॉक्टरांकडे पाच आहे."

"त्यांचा ट्रॅक्टर मोठा आहे."

"माझा पंचवीसचा आहे. पुढची चाकं उचलली जात होती, मान्य. त्याची मी सोय केलीय." त्यांनी बंपरकडे बोट केलं. "खात्याने वजनं भंगारात काढली तेव्हा रीतसर आणली होती. विसाचं एक, अशी आठ. आठ विसे एकशे साठ किलो वजन पुढे..."

आणि ते मध्येच थांबले.

कपातराव वजनांकडे बघत होता. प्रत्येकावर वीसचा आकडा ठसठशीत उठवलेला होता, आणि प्रत्येकाच्या बुडाला एक रिकामं भोक होतं.

"ही वजनं भंगारात का निघाली, बाबा?" त्याने विचारलं. हा प्रश्न त्याने ठरवून विचारला नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग नाइलाजाने म्हणाले, "मीच जप्त केलेली. आतलं शिसं काढून घेतलेलं. वर वीस लिहिलेलं असतं, भरतं अठरा."

"म्हणजे एकशे साठ नाहीत."

"एकशे चव्वेचाळीस," सासरे म्हणाले. पाढा त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडला, आणि पडल्यावर आपलीच जीभ चावल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"बॉनेटवरही लिहिलेलंच आहे, बाबा," कपातराव हळू आवाजात म्हणाला. "भरतं वीस. पुस्तकात शेवटून दुसऱ्या पानावर छापलंय."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते खोटं नाही. छत्तीस वर्षं ज्या माणसाने वर लिहिलेल्या आकड्यावर कधी विश्वास ठेवला नाही, त्याने एका स्टिकरवर डोळे मिटून विश्वास ठेवला, कारण स्टिकर त्याच्या स्वतःच्या ट्रॅक्टरवर होतं. सासरे खाली उतरले. सीटखालची पिशवी काढून त्यांनी पुस्तक उघडलं, चष्मा लावला, शेवटून दुसरं पान वाचलं. मग बॉनेटपाशी गेले आणि नखाने त्या पंचवीसची कड उचकटायला लागले. आकडा निघता निघेना. शेवटी पाचाचा वरचा दांडा तेवढा सुटून आला. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला, पुरावा म्हणून.

"त्या मंगळवारी दुकानात," ते पाठमोरेच म्हणाले, "तुम्हाला हे माहीत होतं?"

कपातरावने किल्ली खिशात टाकली. आता खोटं बोलण्यात काही राम नव्हता. "होतं."

"मी तुमचं मत विचारलं होतं."

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

"सहा वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदाच काही विचारलंत, बाबा. तुमचा चेहरा उतरलेला मला बघवला नसता. मला वाटलं, चार फूट म्हटलं की तुम्ही परत कधी विचारणार नाही." हे बोलताना त्याला स्वतःची लाज वाटली, आणि हलकंही वाटलं.

सासरे वळले. "तुम्ही मापात मारलंत, जावईबापू," ते म्हणाले. "त्या वजनवाल्याने लोकांना दोन किलो कमी दिलं. तुम्ही मला दोन फूट जास्त दिलंत. गुन्हा तोच. मी त्याला सोडलं नव्हतं." एवढं बोलून ते खाली बसले, मागच्या चाकाला टेकून. म्हातारे दिसले. कपातरावला वाटलं, बोललो नसतो तर बरं झालं असतं. आणि लगेच तो खुंट आठवला.

कडक बोल्ट त्यांनी दोघांनी मिळून काढला. पाना सासऱ्यांनी धरला. सोमवारी कटर बदलून द्यायचं ठरलं, मालकाला काय सांगायचं ते कपातरावने आपल्या अंगावर घेतलं. या सगळ्यात सासरे एकदाही "बरं" म्हणाले नाहीत, पण किल्ली त्यांनी परत मागितली नाही.

जेवायला सगळे शेतावरच्या घरात बसले. सासूबाईंनी वाढलं. सासरे मान खाली घालून जेवत होते. भाजी संपली तरी त्यांनी मागितली नाही. मग त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, बाजारात दुकानांच्या रांगेवरून फिरवावी तशी.

"यांनी मला खोटं सांगितलं, कारण माझा चेहरा उतरला असता," ते म्हणाले. "हे सहा वर्षांपूर्वी आले. तुम्ही सगळे त्यांच्या आधीपासून आहात." ते थांबले. "या घरात आणखी काय काय वर वीस आणि आत अठरा आहे?"

कपातरावने बायकोकडे पाहिलं, बायकोने ताटाकडे पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं, दहा मिनिटं मागे.

सासूबाईंनी हातातली पळी भांड्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसल्या.

"बसा निवांत," त्या म्हणाल्या. "आधी ते मनगटावरचं काढून ठेवा."

सासऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पट्टा सोडायला त्यांना वेळ लागला. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. घड्याळ त्यांनी ताटाशेजारी ठेवलं आणि सवयीने खिशातून डायरी आणि पेन्सिल काढली.

"किती?" त्यांनी विचारलं. आवाज निरीक्षकाचा होता, पण जरा फाटलेला.

"दहा मिनिटं. मागे."

"किती दिवसांपासून?"

"तुम्हाला मिळालं त्या दिवसापासून."

त्यांनी लिहून घेतलं. लिहिताना पेन्सिल एकदा थांबली आणि पुन्हा चालू लागली. मग त्यांनी पान उलटलं, नव्या पानावर वर तारीख घातली आणि बायकोकडे न बघता म्हणाले,

"पुढचं सांग."